माझी एकल कारकीर्द आणि तळेघरची झील

बॉय बँड म्हणे अहंकारामुळे फुटतात. आमचा निकालामुळे फुटला. चौघांपैकी दोघे एस. वाय.ला आपटले, घरच्यांनी त्यांना गिटारीसकट उचलून नेलं, आणि जुन्नरच्या संगीतविश्वात जी पोकळी निर्माण झाली ती आजतागायत कुणाच्याही लक्षात आलेली नाही.

त्या काळी टीव्हीवर देखणी पोरं एकसारखे कपडे घालून एकत्र गायची आणि एकाच वेळी एकाच बाजूला मान वळवायची. आम्हांलाही मान होती. मग काय अडलं होतं? आमच्यातला एक खरोखर गायचा. दुसऱ्याकडे गिटार होती. ती त्याला वाजवता येत नसे, पण धरायचा मात्र झकास. तिसरा डोंगरातल्या तळेघरकडचा, शिकायला जुन्नरच्या वसतिगृहात राहिलेला. नाच त्याच्याकडे. आणि चौथा मी, बाजारपेठेतल्या मारवाडी जैन दुकानदाराचा मुलगा. माझं काम मागे उभं राहून "ऊ ऊ ऊ" करण्याचं. चौघांचे पांढरे सॅटिनचे शर्ट माझ्या काकांच्या कापडदुकानातून आले होते, त्यामुळे मला काढून टाकणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

आमच्या नावावर एक गॅदरिंग, दोन गणपती आणि एक कॅसेट जमा आहे. कॅसेट नारायणगावच्या एका फोटो स्टुडिओत भरली. ती नीट कान देऊन ऐकलीत तर तिसऱ्या गाण्यात "मान थोडी वर घ्या" असं कुणीतरी कुणाला तरी सांगताना ऐकू येतं. तेवढाच भाग स्वच्छ आहे.

बँड फुटल्यावर मी दुकानात गल्ल्यावर बसलेल्या वडिलांना सांगितलं, की आता मी सोलो करणार.

"सोलो म्हणजे?"

"म्हणजे एकट्याने गायचं."

"म्हणजे बाकीचे पळाले," वडील म्हणाले आणि हिरड्याचं पोतं उसवायला लागले.

आमचं दुकान किराणा-भुसाराचं, पण खरा व्यवहार हिरड्याचा. हिरडा म्हणजे डोंगरातल्या झाडांचं औषधी फळ. पश्चिमेकडची माणसं ते वेचून, वाळवून आणतात आणि आम्ही घेऊन पुढे धाडतो. गाणाऱ्याच्या घशाला हिरडा उत्तम, असं सगळे सांगतात. गोदामभर हिरड्यात वाढूनही माझ्या घशाला त्याचा काहीच गुण कसा आला नाही, यावर आयुर्वेदाने विचार करायला हवा.

सोलो म्हटलं की स्वतःचं गाणं लागतं. ते मी लिहिलं, चालही लावली. मुखडा असा:

*या घरात मी एकटा,*
*घड्याळ तेवढं बोलतं.*

हे मी लिहिलं तेव्हा आमचं कुटुंब एकत्र होतं. आजी, दोन काका, काकू, त्यांची पोरं, वर राजस्थानातून 'चार दिवसांसाठी' आलेले आणि मी दहावी झालो तरी न गेलेले एक फुफाजी, म्हणजे आत्याचे यजमान. एकांत हवा असेल तर गोदामात जावं लागे आणि तिथेही कुणीतरी आधीच झोपलेलं असे. पण कलावंताच्या कल्पनाशक्तीला एवढं तरी जमायलाच पाहिजे. काकूने गाणं ऐकून एवढंच विचारलं, "घड्याळ कधीपासून बंद आहे ते. बोलतं कुठलं?"

पहिला एकल कार्यक्रम तळेघरला झाला. ठरवला आमच्या नाचणाऱ्या मित्राने. शिक्षण सोडून तो तोवर गावी परतला होता आणि तळेघर–घोडेगाव अशी सवाऱ्यांची वडाप जीप चालवत होता. देवळाचं काहीतरी कार्य होतं. कार्यक्रम भर दुपारी, कारण संध्याकाळी वीज कुठली? मी पांढरा सॅटिनचा शर्ट घालून माईकसमोर उभा राहिलो. समोर भातखाचरं आवरून आलेला सगळा गाव, पुढे बाया, मागे पुरुष. मी डोळे मिटले, एक हात हवेत नेला आणि मुखडा म्हटला.

आणि समोरून शेवटची ओळ परत आली. अख्ख्या गावाकडून.

"घड्याळ तेवढं बोलतं!"

मी डोळे उघडले. त्याचं असं आहे, की तिकडे गाणं म्हणजे भजन, आणि भजनात एकाने ओळ म्हणायची नि बाकीच्यांनी ती उचलून धरायची. या उचलण्याला झील म्हणतात. कुणी ओळ म्हटली आणि झील मिळाली नाही, तर याचा अर्थ माणूस गावाला नको आहे. मला हे माहीत नव्हतं. त्यांना सोलो माहीत नव्हतं.

मी हात वर करून विनंती केली, "मंडळी, शांतता राखा." मंडळी शांत झाली. मी ओळ म्हटली. ओळ परत आली, या वेळी टाळांसकट. कुणीतरी देवळातून मृदंग आणला. दुसऱ्या कडव्याला लय दुप्पट झाली, तिसऱ्याला माणसं उभी राहिली, आणि माझ्या एकाकी, खिन्न, शहरी दुःखाचा शेवट एका गजरात झाला. मग मला टोपी घालून नारळ दिला.

"लई रंगलं राव!" मित्र घामाघूम होऊन म्हणाला.

"अरे, ते दुःखाचं गाणं होतं!"

"कळलं की. आमची म्हातारी रडली. रडत रडत टाळ वाजवला तिनं."

ही म्हातारी म्हणजे त्याची आई. मी तिच्यासमोर तक्रार मांडली, की आई, मला एकट्याला गायचं होतं. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मला ताप चढलाय.

"येकटं मानूस गातंय आन् आमी तोंड बघत बसायचं? बरं दिसतं व्हय ते? तू काय परका हाईस का?"

मी नारळ घेऊन जीपमध्ये बसलो.

त्यानंतरची माझी कारकीर्द थोडक्यात सांगतो, कारण ती थोडकीच आहे. लग्न झाल्यावर मला वाटलं, माणसंच नकोत. रेकॉर्डिंग करायचं. टेपरेकॉर्डर आणि नवी बायको घेऊन मी लेण्याद्री चढलो, कारण तिथल्या मोठ्या लेण्यात आवाज घुमतो असं ऐकलं होतं. घुमला. मी "एकटा" म्हटलं की दगड "एकटा… कटा… टा" म्हणत होता. म्हणजे झील तिथेही होती. फरक एवढाच की ती जरा उशिरा येत होती. बायको टेप धरून उभी होती आणि माझ्या सुरापेक्षा तिच्या पर्समधल्या फुटाण्यांवर लक्ष ठेवून असलेल्या माकडाकडे बघत होती. शेवटी वॉचमन आला.

"भाऊ, इथं गाणं चालत न्हाई."

"अहो, दोन मिनिटं."

"दोन मिनिटं म्हनून सगळे म्हणत्यात. पावणं, शेजारच्या देवळात म्हणा की, तिथं मान्सं बी हायेत. इथं येकटंच काय म्हणताय?"

बायको उतरताना पायऱ्यांवर बसून हसली. ती अजून हसते, फक्त आता बसायची गरज लागत नाही.

पुढे यूट्यूब आलं. तिथे मात्र मला खरा एकांत लाभला. माझ्या गाण्याखाली कॉमेंट एकच, मेव्हण्याची: "खूप छान दाजी." त्याने ती गाणं टाकल्यावर मिनिटाभरात लिहिली. गाणं त्यापेक्षा लांब आहे.

आणि तळेघर? तळेघरने मला सोडलं नाही. दरवर्षी बोलावणं, दरवर्षी तेच गाणं. भाताची आवणी करताना बाया ते म्हणतात, असं मित्र सांगायचा. एकदा बघितलंही: गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावताना रांगेतली एक म्हणे, "या घरात मी एकटा," आणि सगळी रांग म्हणे, "घड्याळ तेवढं बोलतं." जिथे घड्याळ घालून कुणी चिखलात उतरत नाही तिथे. वर्षं गेली तशी मलाही एक खोड लागली. ओळ संपली की मी थांबायचो. श्वास घ्यायचा, रुमालाने कपाळ टिपायचं, एखाद्या ओळखीच्या माणसाला मान हलवायची. तेवढ्यात मंडळी ओळ फिरवून परत माझ्या हातात आणून देत. मी मात्र मनातल्या मनात कुरकुरायचो. एकदा, फक्त एकदा, हे गाणं कुणीही मध्ये न पडता म्हणायला मिळावं, लोकांनी गप्प बसून ऐकावं. बाकी काही मागणं नव्हतं. बायकोला हे पाठ होतं. मुलीलाही.

मुलीचं लग्न ठरलं. मुलगा पुण्याचा, आमच्याच समाजातला, आणि घरात गाणं ऐकण्याची रीत. त्याच्या आईने, म्हणजे आमच्या विहीणबाईंनी, पहिल्याच भेटीत विचारलं, "तुम्ही गायचात म्हणे? बँड होता?"

"होता," बायको माझ्याआधी म्हणाली, "आता फक्त गाण्याचा आजार उरलाय."

पण मुलीने बाजू घेतली. म्हणाली, "पप्पा, रिसेप्शनला तुम्ही गायचं. एकट्याने. मी लहानपणापासून तुमचं गाणं तळेघरच्या गर्दीतूनच ऐकलंय. एकदा नुसता तुमचा आवाज ऐकायचाय मला."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. विशीपासून ज्याची वाट बघत होतो ते पन्नाशीत पोरीने हातात ठेवलं. आता फक्त तळेघरचा बंदोबस्त करायचा होता.

पत्रिका घेऊन मी स्वतः गेलो. डिंभे धरणापुढची वळणं घेताना मी मनात वाक्यं जुळवत होतो. मित्र जीप धूत होता. आता त्याचा गुडघा गेलाय, नाचणं बंद आहे, पण बोलणं कुणी थांबवलेलं नाही.

"या शेठ! सोलो शिंगर आले!" तो ओरडला. "आई, शेठ आलाय, चहा टाक. कांदाभजी नको, त्यो खात न्हाई."

पत्रिका दिली. म्हातारीने ती डोळ्यांना लावून देव्हाऱ्यात ठेवली. मग मी मित्राला बाजूला घेऊन सांगितलं.

"गप बसायचं?" त्याने फडकं खाली टाकलं. "लग्नात? आरं, आमी मयताला बी गप बसत न्हाई."

"फक्त माझं गाणं होईपर्यंत."

"आन् टाळ?"

"नको."

"नुसती टाळी?"

"शेवटी. सगळे वाजवतील तेव्हा."

त्याने फडकं उचलून पिळलं. "बरं, शेठ. तुजं लग्नघर, तू सांगशील तसं. मी सांगतो मान्सांना." मग म्हणाला, "पुण्याच्या पावण्यांना लाज वाटंल आमची, आसं हाय का काय?"

"छे छे! तसं काही नाही. पोरीला ऐकायचंय."

तसं खरंच नव्हतं. निदान अर्धं तरी नव्हतं.

लग्न सकाळी लागलं. रिसेप्शन दुपारी, कारण आमच्याकडे जेवण सूर्य मावळायच्या आत उरकायचं. मंगल कार्यालयाच्या आचाऱ्याला ते सतरा वेळा बजावून ठेवलेलं. तळेघरची मंडळी दोन जिपा भरून आली. धुतलेल्या टोप्या, इस्त्रीची नऊवारी, आणि म्हातारीच्या हातात माझ्या पोरीसाठी भरजरी खण. सगळे डावीकडच्या खुर्च्यांवर ओळीने बसले, शाळा तपासायला साहेब आल्यासारखे.

निवेदकाने माझं नाव पुकारताना "एकेकाळचे पॉप गायक" असं म्हटलं. उजवीकडच्या पुण्याच्या पाहुण्यांनी मोबाईल वर केले. मी माईक घेतला. मुलगी स्टेजवरच्या सिंहासनावर बसून माझ्याकडे बघत होती. मी डोळे मिटले, हात हवेत नेला.

"या घरात मी एकटा, घड्याळ तेवढं बोलतं…"

आणि सवयीने थांबलो.

काहीच आलं नाही.

पंख्याचा आवाज येत होता. मागे आचाऱ्याने पातेल्यात डाव आपटला. मी रुमाल काढून कपाळ टिपलं, तरी काही नाही. उजवीकडच्यांना वाटलं, गाणं संपलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी दुसरी ओळ म्हटली, आणि परत थांबलो, कारण शरीर ऐकतच नव्हतं. त्यांनी परत टाळ्या वाजवल्या, या वेळी जरा गोंधळून. प्रत्येक ओळीला हेच. त्यांच्यातले एक काका तर उठून "वन्स मोअर" म्हणाले, मला वाटतं मला सोडवायला. मी डावीकडे पाहिलं. तळेघर हाताची घडी घालून बसलं होतं. म्हातारीने पदराचं टोक तोंडावर दाबून धरलं होतं. मित्राचे ओठ हलत होते, आवाज बंद, टीव्हीचा म्यूट दाबल्यासारखे. तिसऱ्या कडव्याला माझा सूर गेला. त्याला जायला कुणी अडवलंच नाही. तळेघरात आजवर तो कितीदा गेला असेल कोण जाणे. त्या गोंगाटात मलाही कधी कळला नव्हता.

गाणं संपलं. लोकांनी शांतपणे ऐकलं होतं. मागणं पूर्ण झालं.

"भावपूर्ण," विहीणबाई म्हणाल्या. ज्याला दुसरं काही म्हणता येत नाही त्याला लोक असं म्हणतात.

"झालं समाधान?" बायको म्हणाली, पण नेहमीसारखं हसली नाही, त्यामुळे मी जरा घाबरलो.

मुलगी शालू सावरत खाली उतरून आली. माझ्या हाताला धरून हळूच म्हणाली, "छान होतं पप्पा." आणि मग, "पण ते मधलं कुठे गेलं?"

"मधलं कुठलं?"

"ते सगळे म्हणतात ते. मला वाटायचं गाणं म्हणजे तेच आहे. तुम्ही फक्त त्यांना आठवण करून देता."

पोरी पुण्यात नोकरीला लागल्या की असं स्पष्ट बोलायला शिकतात.

जेवणाच्या गडबडीत मी तळेघरची मंडळी शोधली. ती जेवणावरून लवकर उठली होती. बाहेर जिपा सुरू झाल्या होत्या. मित्र स्टिअरिंगवर, शेजारी म्हातारी, मागे दाटीवाटीने बाकीचे.

"इतक्यात निघालात?"

"वळणं हायेत, उजेडात जाऊ." तो माझ्याकडे न बघता म्हणाला. मग राहवलं नाही म्हणून खाली वाकून म्हणाला, "शेठ, लई जड गेलं राव. मी सांगितलं पोरीला ऐकायचंय म्हनून. तरी मान्सं इचारत व्हती, शेठचा आमच्यावर कशाचा राग हाय? तू आडकत व्हतास आन् आमी बसलो टोप्या सांभाळत. आईनं तर जेवनाला हात लावला न्हाई."

म्हातारी सरळ समोरच्या काचेतून बघत होती. मी तिच्याजवळ गेलो. माफी मागावी असं मनात होतं. पण ती मागितली असती तर ती म्हणाली असती, "माफी कसली, तू काय परका हाईस," आणि तरी उपाशीच गेली असती. म्हणून मी मंगल कार्यालयाच्या दाराशी, पार्किंगमधल्या जीपच्या खिडकीला धरून, सूटबूट फेटा अशा अवतारात म्हटलं,

"या घरात मी एकटा, घड्याळ तेवढं बोलतं."

आणि थांबलो.

कुणीही उचललं नाही. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. गप्प बसायला सांगितलेली माणसं होती ती. एकदा शब्द दिला होता. रस्त्यावरचा फुगेवाला माझ्याकडे बघायला लागला. मी ओळ परत म्हटली. परत थांबलो. घाम सुटला तरी रुमाल काढला नाही.

म्हातारीने मान वळवली. "आता म्हणायचं का?" तिने विचारलं. टोमणा नव्हता, विचारतच होती.

"म्हणा की, आई."

"बग हां. मग म्हनू नको, का म्हटलं म्हनून."

"नाही म्हणत."

मागून कुणीतरी टाळ काढले. म्हणजे आणले होते. टाळ न आणता लग्नाला येणं त्यांना जमलंच नसतं, ते दिवसभर पिशवीत, टॉवेलात गुंडाळून गप्प बसवले होते. दोन्ही जिपांतून ओळ अशी उठली की बुफेत हातात ताटं धरलेली माणसं दारात येऊन उभी राहिली. मुलगी शालू धरून पायऱ्यांवर आली. जीप गर्दीतून हळूहळू निघाली, मी खिडकीला धरून थोडा चाललो, ओळ देत राहिलो, आणि मग वेग वाढल्यावर सोडून दिलं. त्यांना माझी गरज नव्हतीच. ती ओळ घेऊन ते घोडेगावच्या रस्त्याला लागले, "घड्याळ तेवढं बोलतं" म्हणत, गेल्या कित्येक वर्षांसारखे, लय दुप्पट करत.

मी रस्त्याच्या कडेला फेट्यासकट उभा राहिलो, ऊन कधी उतरलं तेही कळलं नाही. आसपास कुणी नव्हतं. एवढा एकटा मी त्या गाण्यातही कधी नव्हतो.

मागून बायकोचा आवाज आला, "अहो, जेवलात का?"

"नाही."

"मग आता उद्या," ती म्हणाली. "सूर्य मावळला."